गाणं गाजल्यावर दुसरं गाणं का अडतं: सातपूरच्या एका रॅपरला उत्तर

तुझा निरोप दोनदा वाचला आणि दोन्ही गाणी हेडफोन लावून ऐकली. इतर वाचणाऱ्यांसाठी प्रश्न थोडक्यात सांगतो. नाशिकच्या सातपूरचा २२ वर्षांचा मराठी रॅपर. वडील अंबडला कंपनीत, शिफ्टची नोकरी. स्वतः डिप्लोमा झालेला, अर्धा दिवस मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसतो. मित्रांच्या सायफरमध्ये, म्हणजे गोल करून आळीपाळीने रॅप म्हणतात त्या मैफलीत, जमलेलं एक गाणं चार महिन्यांत ११ लाख व्ह्यूजवर गेलं. आता एका म्युझिक लेबलचा तीन गाण्यांचा करार आलाय: ३ लाख आगाऊ, हुक (परत परत येणारं धृपद) हिंदीत, व्हिडिओत ‘जरा वस्ती दिसू दे’. ग्रुपवर मित्र म्हणतायत, विकला गेलास. दुसऱ्या गाण्याचा कच्चा टेक जोडून हा विचारतोय, ‘दादा, मी मोठा होऊ की खरा राहू?’

मी गेली १४ वर्षं पुण्यात धायरीला भाड्याच्या एका खोलीत रॅपर पोरांचे आवाज रेकॉर्ड करतोय. बूथ म्हणजे लोखंडी कपाटामागची चार बाय पाचची जागा, भिंतींवर आईच्या आणि मावशीच्या गोधड्या. त्याआधी मी स्वतः रॅप करायचो. ते पुढे सांगतो.

आधी तुझ्या आवाजाबद्दल. पहिल्या गाण्यात ओळ आहे, ‘भोंगा वाजला अंबडला, डबा अजून गॅसवर’. ही तू एका श्वासात घेतलीयस. खाली जो डबल, म्हणजे तीच ओळ पुन्हा म्हणून, टाकलाय तो मूळ आवाजावर असा बसलाय की दोन आवाज आहेत हे कळतच नाही. दुसऱ्या गाण्यात आहे, ‘फुटपाथ हीच गादी, आभाळ माझी चादर’. इथे ‘गादी’च्या आधी तू श्वास घेतलास, बारच्या, म्हणजे चार ठोक्यांच्या तुकड्याच्या, मधोमध, जिथे श्वासाला जागाच नव्हती. पुढे डबल तीन ठिकाणी मागे पडलाय. तुला वाटेल मिक्सिंगमध्ये निघेल. निघत नाही, मी बघितलंय. रोज डोळ्यांसमोर असलेल्या गोष्टीची ओळ तोंडात बसलेली असते, तिचा वेग ठरलेला असतो. ऐकीव ओळ दर टेकला नव्याने म्हणावी लागते आणि दर वेळी थोडी वेगळी पडते. सातपूरला तुमचं दोन खोल्यांचं घर आहे, तूच लिहिलंयस. फुटपाथवर कधी झोपलास?

गंमत अशी की हे तुला लेबलने शिकवलेलं नाही. करारावर अजून सहीसुद्धा झालेली नाही. त्यांनी वस्ती फक्त व्हिडिओत मागितली, तू ती न मागता ओळीतही देऊन बसलास.

आता माझी गोष्ट. एका टीव्ही स्पर्धेत मी तिसऱ्या फेरीपर्यंत पोचलो होतो. स्पर्धेचं नाव काढत नाही. ‘बॅकस्टोरी’ शूट करायला चौघंजण घरी आले. आमचं घर बिबवेवाडीला, वडील पीएमटीत कंडक्टर, आई पोस्टाच्या बचत योजनांची एजंट. घर बघून त्यांच्यातली मुख्य मुलगी जरा हिरमुसली. फ्रीजवर चादर टाकली. शेजारच्या काकूंकडून शिवणयंत्र मागवलं. आईला म्हणाली, ‘काकू, तुम्ही नुसतं चालवल्यासारखं करा.’ आई म्हणाली, ‘अहो, मला सुईत दोरा ओवायचा म्हटलं तरी चष्मा शोधावा लागतो. मी आरडीची कामं करते.’ ‘चालेल काकू, कॅमेरा लांब आहे.’

आई बसली. दहा-बारा मिनिटं रिकामं यंत्र चालवलं आणि मी मागे उभा राहून खिडकीबाहेर बघत होतो, सांगितलं होतं तसा. पुढच्याच फेरीत मी बाद झालो, त्यामुळे ते कधी दिसलं नाही. त्या संध्याकाळी आईने यंत्र पदराने पुसून काकूंकडे परत नेऊन दिलं आणि पुढे आठवडाभर माझ्याशी कामापुरतं बोलली. मला वाटलं, आपल्याला गरीब दाखवलं म्हणून राग आला असेल. खूप उशिरा कळलं की राग त्याचा नव्हता. पावसापाण्यात स्कूटीवरून फिरून शेकडो लोकांची खाती सांभाळणारी ती बाई, आणि तिच्या मुलाने तिचं सगळं काम दहा मिनिटांत पुसून तिथे एक फिल्मी आई बसवली.

म्हणून ‘मोठा की खरा’ ही तुझी वाटणीच मला पटत नाही. ज्याला तू खरा म्हणून जपायला निघालायस, तो मुलगा आधीच निम्मा दुसऱ्यांनी रंगवलेला आहे. आणि ज्याने खरं तर गाणं लिहिलं, म्हणजे भोंगा ऐकून उठणारा आणि दुकानात डिस्प्ले बदलणारा, त्याच्याकडे तुझं लक्षच नाही. त्याच्या आयुष्यात ‘मटेरियल’ नाही असं तुला वाटतं.

हे का होतं त्याला थोडा इतिहास आहे. मुंबईच्या नेझी या रॅपरने २०१४ मध्ये आपलं पहिलं गाजलेलं गाणं आयपॅडवर रेकॉर्ड केलं, व्हिडिओही त्यावरच, कुर्ल्याच्या आपल्या वस्तीत. त्यात कसली शैली वगैरे नव्हती, हाताशी होतं ते वापरलं. अंधेरीच्या जे. बी. नगरचा रॅपर डिव्हाइन त्याच सुमाराचा. २०१५ मध्ये दोघांचं एकत्र गाणं आलं आणि १४ फेब्रुवारी २०१९ ला त्यांच्यावरून प्रेरणा घेतलेला ‘गली बॉय’ लागला. चित्रपट चांगला की वाईट हा मुद्दा वेगळा. त्यानंतर झालं असं की दोन पोरांची अडचण सगळ्यांचा साचा झाली. त्या वर्षी माझ्याकडे आलेल्या निम्म्या गाण्यांत गल्ली होती. त्यातले काही कोथरूडच्या सोसायट्यांत राहणारे. वॉचमन असलेली गल्ली.

लेबलवाला ‘वस्ती दिसू दे’ म्हणतो तेव्हा तो हाच साचा मागत असतो. त्याला दोष देऊन उपयोग नाही, त्याला ओळखीचा माल विकायचाय. पण तुझे मित्र ‘बदलू नकोस’ म्हणतात तेव्हा तेसुद्धा तेच मागत असतात, हे लक्षात घे. दोघांनाही तू आहेस तिथेच थांबलेला हवायस.

डिव्हाइनचं बघ. २०१९ मध्ये ‘कोहिनूर’, २०२० च्या डिसेंबरात ‘पुण्य पाप’. अल्बमची नावं नुसती वाचलीस तरी माणूस कुठून कुठे सरकला ते दिसतं. गल्लीतून निघाला आणि पैसा, देव, अपराधी वाटणं असल्या गोष्टींशी येऊन भिडला. जुन्या ऐकणाऱ्यांतल्या काहींना ते रुचलं नाही. मला विचारशील तर दारात मोठी गाडी उभी करून ‘माझ्याकडे काही नाही’ गात राहिला असता तर मी त्याला ऐकणं सोडलं असतं. नेझी उलट, गाजल्यावर मध्ये बराच काळ दिसेनासा झाला, मग परत आला, आणि २०२४ मध्ये ‘बिग बॉस ओटीटी’त दुसरा आला. लोक म्हणाले, हा पण गेला. अरे, गेला म्हणजे कुठे गेला? पोट आहे त्याला.

आपल्याकडे पूर्वीपासून कार्यक्रमाच्या बिदागीला लाज नव्हती. होनाजी बाळा, सगनभाऊ, प्रभाकर, सगळे आश्रयावर आणि बिदागीवर जगले. तमाशात, ऑर्केस्ट्रात आजही ‘सुपारी’ म्हणतात आणि सुपारी घेतली म्हणून कोणी कोणाला विकला गेलास म्हणत नाही. रॅपमध्येच हे सोवळं कुठून आलं कोण जाणे. तू गणपतीत मंडळाची सुपारी घे, कॉलेज फेस्ट घे, दुकानाच्या उद्घाटनाला चार बार म्हणून ये. मी एका चहाच्या दुकानासाठी जिंगल लिहिली होती, तिच्या पैशातून पहिला बरा माइक आला. माइकला माहीत नसतं पैसे कुठून आले.

हिंदीचं म्हणशील तर भाषा बदलली म्हणून कोणी खोटा होत नाही. आमच्या पुण्यातल्या ताडीवाला रोडचा रॅपर एमसी स्टॅन घे. २०२३ च्या फेब्रुवारीत ‘बिग बॉस’चा सोळावा सीझन जिंकला. मधे तर घरी जायचं म्हणत होता, पण बोली सोडली नाही. पुण्याच्या वस्तीतली ती हिंदी, मधूनच ‘शेमडी’सारखा आपला शब्द, सगळ्या देशाने ऐकली आणि पोरं तसं बोलायला लागली. त्याच्या गाण्यांतलं सगळं मला पटतं असं नाही, बायकांबद्दलच्या काही ओळी तर अजिबात नाही. पण ती हिंदी त्याची आहे, घरातली आहे. तुझी कसोटी सोपी ठेव. गाडी घसरली तर तोंडातून पहिली शिवी कोणत्या भाषेत निघते? त्या भाषेत लिही. सातपूरला बिहार-यूपीची पोरं कंपनीत आहेत, तुझ्या दुकानात दिवसभर हिंदी चालते. ती हिंदी लिहिलीस तर मी पहिला ऐकीन. तू जी पाठवलीयस ती मुंबईतल्या कुणाच्या तरी तोंडची आहे.

आणि ती कच्ची आहे, हे कारागिरीच्या बाजूने सांगतो. तुझ्या दुसऱ्या गाण्याच्या हिंदी हुकातल्या चारही ओळी ‘है’वर संपतात. ‘है’ला ‘है’ ही फार तर रदीफ झाली, म्हणजे ओळीच्या शेवटी तोच शब्द पुन्हा. तिच्याआधी काफिया, म्हणजे खरं यमक, लागतो, तो तुझ्याकडे नाही. मराठीत तू ही चूक करत नाहीस. मराठीत यमक आधीच स्वस्त आहे: आला-गेला-केला, येतो-जातो-खातो. प्रत्यय जुळले की नवख्याला वाटतं झालं. तू पहिल्या गाण्यात ‘पाळीला’ आणि ‘जाळीला’ जुळवलंस, प्रत्ययाच्या मागे जाऊन शब्दाच्या पोटात. वर ‘पाळी’ म्हणजे कंपनीची पाळी आणि ‘जाळी’ म्हणजे गेटची, दोन्ही तुझ्या रस्त्यावरचे शब्द. हे तुला कुणी शिकवलेलं नाही आणि हिंदी हुकात हे एकदम गायब झालं.

प्रसिद्धीचा पहिला फटका कुठे बसतो माहितीये? गाण्याच्या बांधणीला. तुझं गाजलेलं गाणं ९० बीपीएमवर आहे, म्हणजे मिनिटाला ९० ठोके. सोळा बार म्हणजे ६४ ठोके, ते म्हणायला जवळजवळ ४३ सेकंद लागतात. तुझे बहुतेक व्ह्यूज ३० सेकंदांच्या तुकड्यातून आलेत, तूच सांगितलंस. ३० सेकंदांत ४५ ठोके, म्हणजे साधारण ११ बार. दुसऱ्या गाण्यात तू नेमके अकराव्या बारला पंच मारून थांबलायस. पुढचे पाच बार नुसते भरलेत, ‘हो, हां, चल’ करत. पहिल्या गाण्यात बापाची नाइट शिफ्ट चौदाव्या बारला संपते आणि सोळाव्याला पोराची शाळा भरते. ११ बारमध्ये हे बसलं नसतं. ११ बारमध्ये बढाई बसते. तुला वाटतंय तू मनाशी झगडतोयस. खरं म्हणजे तू आकडे बघून कात्री चालवतोयस, आणि जे कापलं जातंय त्याला तू ‘खरेपणा’ म्हणतोयस. पुढचे दोन महिने मोबाइलमधलं ते आकड्यांचं पान उघडू नकोस. अपलोड दुसऱ्याला करायला सांग.

काही पोरं याला कंटाळून दुसऱ्या टोकाला जातात, बंडखोर होतात. त्या वाटेने मनापासून चालणारेही आहेत. ‘स्वदेसी’ या मुंबईच्या रॅप ग्रुपच्या पोरांनी २०१९ मध्ये आरेच्या प्रकाश भोईरांना सोबत घेऊन वारली लोकांच्या जमिनीवर गाणं केलं, त्यांच्यातला एमसी मवाली मराठीत काय ताकदीने म्हणतो. पण तेही फॅशन म्हणून करू नकोस. २०२३ च्या एप्रिलमध्ये राज मुंगासे आणि उमेश खाडे या दोन मराठी रॅपर्सवर राजकीय गाण्यांवरून गुन्हे दाखल झाले. टाळ्या हजारो वाजवतात, चौकीत एकट्याला बसावं लागतं. बसायची तयारी असेल तर लिही, आणि मग पूर्ण लिही.

आता करार. तुझ्या मनातला अर्धा झगडा या कागदात आहे. ३ लाख हे बक्षीस नाही, तुझ्याच पुढच्या कमाईतून कापून घ्यायची उचल आहे. तू पाठवलेल्या पानांत व्हिडिओचा ६ लाख खर्चही ‘वसूल करण्याजोगा’ धरलाय आणि तुझा वाटा २० टक्के. वसुली तुझ्या वाट्यातून आहे. म्हणजे ९ लाख फिटायला गाण्यांनी ४५ लाख कमवायला हवेत, तोवर तुला दमडी नाही. आता विचार कर, डोक्यावर ही वसुली घेऊन तिसऱ्या गाण्याला बसलास आणि ते म्हणाले ‘अजून एक वस्तीवालं कर’, तर तू काय म्हणणार? मन कितीही घट्ट असलं तरी देणेकरी माणूस हो म्हणतो. तेव्हा मन घट्ट करायच्या आधी आकडा कमी कर. व्हिडिओ स्वस्तात करा म्हण, किंवा त्याची वसुली दोघांच्या वाट्यातून करा म्हण. एकाच गाण्याचा करार माग.

‘कायमस्वरूपी’ आणि ‘संपूर्ण विश्वात’ हे शब्द बघून तू हसलास, पण ते उगाच नाहीत. आपल्या कॉपीराइट कायद्यात हक्क लिहून देताना मुदत घातली नाही तर ती ५ वर्षं धरतात, प्रदेश घातला नाही तर भारतापुरता. म्हणून ते घालतात. तू मुदत माग, आकड्यात. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा करारानेही सोडून देता येत नाही, फक्त वारसाला किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो. म्हणजे शब्द तुझे असतील तर लेखक म्हणून आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या कॉपीराइट सोसायटीचा सभासद हो, हे सहीच्या आधी कर. आणि कागद वकिलाला दाखव. मी वकील नाही, पोळलेला आहे एवढंच.

पहिल्या गाण्याची बीट, म्हणजे मागचं संगीत, तीसुद्धा बघ. इंटरनेटवरची फुकट टाइप बीट, म्हणजे कुणा गाजलेल्या रॅपरच्या धाटणीची तयार बीट, घेतलीस तर तिच्या अटीत बहुधा लिहिलेलं असतं की पैसे कमवायचे तर लीज, म्हणजे वापराचा परवाना, विकत घे. लीजलाही बऱ्याचदा व्ह्यूजची मर्यादा असते. ११ लाख झालेत. ज्याने बीट केली त्याला आधी लिही, तो तुला शोधत यायच्या आधी.

या सगळ्यात मी एक गोष्ट मुद्दाम शेवटाला ठेवली. तूही तुझ्या निरोपात ती शेवटीच टाकलीस, ताजा कलम असल्यासारखी: ‘तसं हुकची पहिली ओळ सायफरमध्ये एका मित्राने म्हटली होती, पण त्याला काही हरकत नव्हती.’ तेव्हा नव्हती. तेव्हा व्ह्यूज ४०० होते. ‘विकला गेलास’ हे ग्रुपवर पहिल्यांदा कुणी लिहिलं ते तू सांगितलं नाहीस, मी अंदाज करतो. बाकीच्यांना सोड, त्यातल्या दोघांना फीचर, म्हणजे तुझ्या गाण्यात जागा, हवं असेल आणि एकाला नुसती मजा. पण त्या ओळवाल्या मित्राचं म्हणणं वेगळं असू शकतं. लोक जी ओळ म्हणतात ती त्याची आहे आणि गाण्याखाली नाव फक्त तुझं आहे. मराठीत शेवटच्या चरणात कवी आपली नाममुद्रा घालतो, ‘तुका म्हणे’पासून शाहिरांपर्यंत. तूही घातलीयस, सोळाव्या बारला, झोकात. ते सोळाही बार तुझेच आहेत, शंका नाही. हुक नाही.

तुला आत जे कुरतडतंय ते लेबलमुळे आहे असं तुला वाटतंय. मला वाटतं तू रोज ते गाणं वाजलं की त्या ओळीपाशी जरा दचकतोस. दुसरं गाणं अडलंय तेही त्याच्यामुळे. हुक आपल्याला जमत नाही, हे तुला कळलंय आणि कबूल करायचं नाहीये. म्हणून ते हिंदीत, म्हणून ‘है है है’.

त्याला फोन कर. मेसेज नको, तो स्क्रीनशॉट होऊन ग्रुपवर फिरेल. दुकान बंद झाल्यावर गाठ, चहा पाज, वाटा आधी तू बोल. हुकचे शब्द त्याचे असतील तर गीतलेखनात त्याला ठसठशीत टक्का दे, पाच-दहा देऊन बोळवण करू नकोस. आणि झालेल्या कमाईतला हिस्सा आधी दे, नोंदणी नंतर. एका कागदावर दोघांच्या सह्या, तारीख, गाण्याचं नाव, कोणाचे किती. गाण्याखालचं श्रेय त्याच रात्री बदल. तो कदाचित शिव्या देईल. कदाचित म्हणेल, दुसऱ्या गाण्याचा हुक ऐकव, फारच भिकार आहे म्हणे.

आणि कागदावर त्याचं सायफरचं टोपणनाव लिहू नकोस. आधारवर आहे तसं पूर्ण नाव विचारून घे, नोंदणीत तेच लागतं. चार वर्षांची दोस्ती आहे म्हणतोस, पण बघ, बहुतेक तुला ते माहीत नसेल.